रिकीला ‘नाही’ म्हणता आलं असतं का?

नागपुरात मे महिन्यात दुपारी एक ते पाच माणसाला दोनच कामं असतात. कूलरमध्ये पाणी आहे का ते बघणं आणि पडून वाचणं. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारी माझी भाची यंदा सुट्टीत आली होती. तिने माझ्या कपाटातून एक पिवळी पडलेली इंग्रजी कादंबरी काढली. शाळेत असताना सीताबर्डीच्या फुटपाथवरून तीन रुपयांना घेतलेली. पहिल्या पानावर गोलगोल अक्षरात माझं नाव आणि खाली ‘वाचून परत करणे’ अशी ताकीद. दोन दिवसांनी पुस्तकात बोट घालूनच ती स्वयंपाकघरात आली.

“मामा, हे काय वाचत होते तुम्ही? ही पोरगी अकरा वर्षांची आहे!”

मी विचारलं, कोण पोरगी? मला त्या पुस्तकातलं मांजर आठवत होतं. हिवाळ्यात घरातलं एकेक दार उघडायला लावणारं, एखाद्या तरी दारामागे उन्हाळा असेल या आशेवर. मुलगी आठवतच नव्हती. मग तिने पान समोर धरलं.

आमच्या बजाजनगरात महिन्यातून एकदा गच्चीवर आठ-दहा जण जमून पुस्तकांवर बोलतो. तर्री पोहे असतात म्हणून दोघं-तिघं जास्तच येतात. त्या रविवारी हाच विषय निघाला आणि बराच वेळ कुणाचं कुणाला कळेना. इंग्रजी वाचणारी तरुण मंडळी जुन्या नावाजलेल्या विज्ञान कादंबऱ्यांवर एवढी का चिडतात, हे अनेकांना कोडं वाटतं. तिथे निघालेले प्रश्न घेऊनच पुढे जातो.

आधी ती गोष्ट

रॉबर्ट हाइनलाइन यांची ‘द डोअर इंटू समर’ मासिकातून १९५६ साली आली, पुस्तक १९५७ चं. नायक डॅन डेव्हिस तिशीतला इंजिनिअर. घरकामाची यंत्रं बनवतो. झाडपूस करणाऱ्या यंत्राचं नाव ‘हायर्ड गर्ल’, आपल्या भाषेत कामवाली. पुढे वाट्टेल ते काम करणारं हुशार यंत्र बनवतो, त्याचं नाव मात्र फ्रँक. (हे मला चाळीस वर्षांत दिसलं नव्हतं. भाचीने पहिल्याच वाचनात दाखवलं.)

डॅनचा भागीदार आणि होणारी बायको संगनमताने त्याची कंपनी हिसकावतात आणि त्याला शीतनिद्रेत ढकलतात. शीतनिद्रा म्हणजे शरीर थंड करून वर्षानुवर्षं झोपवून ठेवायची सोय. झोपलेल्याचं वय वाढत नाही. डॅन १९७० साली झोपतो, २००० साली उठतो, मग कालप्रवास करून पुन्हा १९७० मध्ये येतो आणि सगळ्यांचे हिशेब चुकते करतो.

रिकी ही त्या भागीदाराची सावत्र मुलगी. वय अकरा. डॅनला ‘अंकल डॅनी’ म्हणते, मांजरावर जीव लावते. डॅन तिला मुलींच्या शिबिरात जाऊन भेटतो आणि सांगतो की तू एकवीस वर्षांची झालीस आणि तेव्हाही तुला वाटलं, तर तूही शीतनिद्रा घे, मग आपण पुढच्या काळात भेटू. ती विचारते, मी तसं केलं तर माझ्याशी लग्न करशील? तो हो म्हणतो. दोघं ठरल्याप्रमाणे उठतात, लग्न होतं, मांजरही असतं. पुस्तक सुखान्त समजलं जातं. मीही तसंच समजत होतो.

मग अडचण कुठे आहे?

गच्चीवर पहिला प्रश्न बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी विचारला. लग्नाच्या वेळी मुलगी सज्ञान आहे, त्याआधी कुणी तिला बोटही लावलेलं नाही, मग तक्रार कशाची?

इथे दोन शब्द समजून घ्यावे लागतात. पहिला, संमती. आपण संमती म्हणजे होकार समजतो. आपल्याकडचा ‘बघायचा कार्यक्रम’ आठवा. पोहे, चहा, स्वयंपाक येतो का, एखादं गाणं म्हण. शेवटी कुणीतरी मुलीला विचारायचं, “पसंत आहे ना गं?” दिवाणखान्यात वडील, दोन मामा, मध्यस्थ आणि मुलाकडची सात माणसं. ती मान हलवायची. होकार झाला. पण तिने ‘नाही’ म्हटलं असतं तर त्या खोलीत काय झालं असतं, हे तिलाही माहीत होतं आणि खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ज्या खोलीत ‘नाही’ म्हणायला जागा नाही तिथल्या ‘हो’ची किंमत किती, एवढाच संमतीचा प्रश्न आहे.

दुसरा शब्द ग्रूमिंग. मोठ्या माणसाने लहान मुलाचा किंवा मुलीचा विश्वास हळूहळू जिंकायचा आणि पुढच्या संबंधासाठी मनाने तयार करून ठेवायचं, याला ग्रूमिंग म्हणतात. यात सुरुवातीला जबरदस्ती दिसत नाही. खाऊ दिसतो, लाड दिसतात, ‘तू इतरांसारखी नाहीस’ हे वाक्य दिसतं.

आता रिकीकडे बघा. अकराव्या वर्षी तिला आयुष्याचा मुक्काम सांगितला गेला. पुढची दहा वर्षं तो माणूस झोपेत. झोपलेल्या माणसाशी भांडण होत नाही, तो चिडत नाही, त्याचं पोट सुटत नाही. तिला या दहा वर्षांत वर्गातला कुणी आवडला का, अंकल डॅनीचा कधी राग आला का, याच्यात कादंबरीला रस नाही. वाढण्याचा सगळा व्याप पडद्यामागे होतो आणि तयार बायको समोर येते.

“पण लग्नाचं तीच विचारते ना,” काका म्हणाले. हो, विचारते. मात्र तिच्या तोंडची वाक्यं पन्नाशीला टेकलेल्या हाइनलाइन यांनी लिहिली आहेत. आणि लहान मुली असं म्हणतातच की. माझी हीच भाची तिसरीत असताना आमच्या गल्लीतल्या कुल्फीवाल्याशी लग्न करणार होती. अशा वेळी मोठ्या माणसाने हसून कुल्फी द्यायची असते. ‘बरं, एकवीसची हो, मी थांबतो’ असं म्हणायचं नसतं.

यंत्राकडून नेमकं काम काय करून घेतलं जातं

एका पुस्तकावर एवढं का घसरायचं, असं वाटेल. पण या जुन्या कादंबऱ्या एकापुढे एक ठेवल्या की एक खोड दिसायला लागते. कथेतलं यंत्र, शोध किंवा आपत्ती बऱ्याचदा एक ठरावीक काम करते. समोरच्या माणसाच्या, बहुतेक वेळा बाईच्या, नकाराची सोय काढून घेते. शीतनिद्रेने रिकीच्या बाबतीत तेच केलं. वयाचं अंतर मिटवलं आणि मधली दहा वर्षंही गिळली.

जॉन विंडम यांची ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’ ही १९५१ ची कादंबरी घ्या. एका रात्रीत जवळजवळ सगळं जग आंधळं होतं. डोळस राहिलेले मूठभर लोक लंडनमध्ये जमतात, आणि त्यांना एक प्राध्यापक भाषण देतात की आता जुन्या रीती संपल्या, पुरुषांनी काम करायचं आणि बायकांनी मुलं जन्माला घालायची. मान्य नसेल त्याला इथे जागा नाही. नायिका जोसेला नायकाला समजावते की माझ्याबरोबर आणखी दोन आंधळ्या मुलींना तुला सांभाळावं लागेल. नायक ओशाळतो. लेखकाने सगळं नाजूकपणे हाताळलंय, पण त्या दोन मुली कोण, त्यांना काय हवंय, हे विचारायची सवड आपत्तीत कुणाला असणार!

आल्फ्रेड बेस्टर यांच्या ‘द स्टार्स माय डेस्टिनेशन’मध्ये (१९५६) माणसं नुसत्या इच्छेने एका जागेवरून गायब होऊन दुसऱ्या जागी प्रकट होऊ शकतात. एवढं स्वातंत्र्य आल्यावर काय होतं? बड्या घरच्या बायका बिनखिडक्यांच्या खोल्यांत कोंडल्या जातात. कारण कुणीही कुठेही उगवू शकतं. बेस्टर यांनी हे टोमणा म्हणून लिहिलं असावं असं मला वाटतं. पण त्याच पुस्तकात नायक रॉबिन नावाच्या बाईवर बळजबरी करतो आणि कथा त्यावरून भरधाव पुढे जाते. त्या वेगामुळेच ते पुस्तक गाजलं. त्याच वेगात रॉबिन मागे पडते.

लॅरी निव्हेन यांच्या ‘रिंगवर्ल्ड’मध्ये (१९७०) नायकाचा दोनशेवा वाढदिवस आहे आणि त्याच्यासोबत येणारी टीला वीस वर्षांची. दोनशे आणि वीस! तारुण्य टिकवणारं औषध आहे, त्यामुळे तो दिसायला तरुण, आणि प्रश्न मिटला. शिवाय टीला ही परग्रहवासीयांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवून आणलेल्या नशिबाची पैदास. तिचं प्रेमही तिच्या नशिबाची चाल असू शकते. त्याच पुस्तकात वाघासारखी एक लढवय्यी परग्रही जमात आहे आणि तिच्यातल्या माद्यांना बुद्धीच नसते. लेखकाने सहज ठरवून टाकलंय.

हे फक्त गोऱ्यांचं आणि जुन्या काळचं आहे, असंही समजू नका. चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांच्या ‘द डार्क फॉरेस्ट’मध्ये (२००८) पृथ्वी वाचवण्यासाठी एका माणसाला अमर्याद अधिकार मिळतात. तो मनात रंगवलेल्या एका परिपूर्ण मुलीचं वर्णन सांगतो आणि तशी मुलगी शोधून आणायला लावतो. यंत्रणा खरंच शोधून आणते. आपल्या तालुक्यातल्या मध्यस्थाने निदान पत्रिका मागितली असती.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली भीती एका बाईने फार आधी लिहून ठेवली आहे. मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाईन’ १८१८ ची, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईनने बनवलेला राक्षस त्याच्याकडे जोडीदारीण मागतो. मला एक बाई बनवून दे, आम्ही दोघं माणसांपासून दूर निघून जाऊ. व्हिक्टर बनवायला बसतो आणि अर्ध्यात थबकतो. त्याच्या मनात येतं की ही बाई विचार करणारी असेल, आणि तिच्या जन्माआधी आम्ही दोघांनी केलेला करार तिने मानलाच नाही तर? तिला तो राक्षस आवडलाच नाही तर? या शंकेनंतर तो तिचे तुकडे करतो. तिला विचारून बघू, हे त्याच्या मनात येत नाही. मला वाटतं मेरीबाईंना हे पुरतं कळलेलं होतं. पुढे दीडशे वर्षं बाकीच्यांनी तोच प्रसंग नवी यंत्रं लावून लिहिला, पण कळून न घेता.

संत्र्याचं कलम आणि खालचा खुंट

मग प्रश्न असा की, एवढ्या हुशार माणसांना हे दिसलं कसं नाही?

काटोल-नरखेडकडच्या कुणालाही विचारा, नागपुरी संत्र्याचं कलम जंबेरीच्या खुंटावर बांधतात. वरचा डोळा संत्र्याचा, खालचं मूळ जंबेरीचं. खुंटाला फुटवे येतात आणि ते वेळच्या वेळी काढावे लागतात. नाही काढले तर बाग दिसते संत्र्याची आणि जोर धरते जंबेरी. या लेखकांनी वरचा डोळा एकदम नव्या जातीचा आणला. प्रकाशाचा वेग, परग्रह, यंत्रमानव. खुंट मात्र आपल्या घरातला, १९५० च्या अमेरिकेतला. नवरा कामावर, बायको ओट्याशी. अमेरिकन लेखिका आणि समीक्षक जोआना रस यांनी १९७० च्या सुमारास हे नेमकं पकडलं. आकाशगंगेच्या पलीकडे जाऊनही ही मंडळी मध्यमवर्गीय अमेरिकन वसाहतच वसवतात, असं त्यांनी म्हटलं.

आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’मध्ये अडीच कोटी ग्रहांचं साम्राज्य आहे. एवढ्या ग्रहांवर लक्षात राहील अशी बोलणारी बाई भेटते ती पुस्तक संपत आल्यावर, आणि ती नवऱ्याला टोचून खाणारी बायको. आर्थर क्लार्क यांच्या ‘रॉंदेव्हू विथ रामा’त पन्नास किलोमीटर लांबीचं परग्रही यान इतक्या बारकाईने रचलंय की वाचताना आपण त्यात उभे राहतो. यान तपासायला गेलेल्या कप्तानाचं एक कुटुंब पृथ्वीवर आणि दुसरं मंगळावर. त्याचं मत असं की काही बायकांना अंतराळयानात घेऊच नये, कारण वजन नसलं की त्यांच्या छातीकडे लक्ष जातं. लक्ष याचं जातं आणि बंदी तिला! पुस्तक १९७३ चं. व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हा अंतराळात जाऊन परत आल्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती.

बाजाराचा भागही होताच. हे लेखन मासिकांतून यायचं, आणि वाचक म्हणजे शाळा-कॉलेजातली मुलं असं संपादकांनी गृहीत धरलेलं. त्यापेक्षा जास्त खोलात जात नाही.

आपल्याकडे हा खुंट नव्हता असं नाही. जयंत नारळीकरांची धूमकेतूची गोष्ट एनसीईआरटीच्या आठवीच्या इंग्रजी पुस्तकात होती. भाचीला ती शाळेत होती. त्यात रात्र-रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसणारा दत्तदा आहे आणि त्याची बायको इंद्राणीदेवी. तिला ती दुर्बीण नवऱ्याला भुरळ घालणाऱ्या बाईसारखी वाटते आणि धूमकेतू अशुभ वाटतो. नारळीकरांचा नेम अंधश्रद्धेवर होता आणि तो बरोबर लागला. पण विज्ञान नवऱ्याच्या पदरात आणि भीती बायकोच्या पदरात, ही वाटणी कुणी केली, हा प्रश्न मला आठवीच्या पुस्तकातून पडला नसता. घरी आमच्या आजीला ग्रहणात पोळ्या लाटताना बघितलं होतं. ती कुणालाच भीत नसे, तरीही पडला नसता.

“अहो, पण त्या काळी असंच होतं”

हा आक्षेप येणारच होता, आणि तो अर्धा खरा आहे. माणूस आपल्या काळात वाढतो. पण ‘त्या काळी’ म्हणजे त्या काळातले कोण? त्याच काळात उलटं बोलणारे होते की नव्हते?

आपल्या विदर्भातलंच बघा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली १८८२ साली. सगळे दोष बाईच्याच माथी का, असा सरळ सवाल, आणि भाषा अशी खणखणीत की आजही वाचताना दचकायला होतं. हाइनलाइन यांचा जन्म व्हायला तेव्हा पंचवीस वर्षं अवकाश होता.

आणि रखमाबाई. त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. रिकीचंच वय. मोठ्या झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला. नवरा १८८४ मध्ये कोर्टात गेला. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये तडजोड झाली, पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. अकराव्या वर्षी ठरवून ठेवलेलं आयुष्य मोठेपणी नाकारणारी बाई म्हणजे काय चीज असते, हे या देशाने भर कोर्टात पाहिलं होतं. ‘त्या काळी’ असंही होतं.

विज्ञानकथेच्याच दालनात यायचं तर बंगाली लेखिका रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ मद्रासच्या एका मासिकात १९०५ साली छापून आली. सूर्याच्या उष्णतेवर चालणारी यंत्रं, हवेतून जाणारी वाहनं, बायकांचं राज्य, आणि पुरुष पडद्यात. (पुरुषांना कुणी विचारलं नव्हतं, हेही नोंदवतो. आपली कसोटी सगळ्यांना सारखी.)

“पात्राचं मत म्हणजे लेखकाचं मत नव्हे”

सगळ्यात वजनदार आक्षेप हा. आणि तो मान्यच केला पाहिजे, नाहीतर कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही. वाईट वागणारं पात्र लिहिणं म्हणजे वाईट वागण्याला पाठिंबा देणं नाही. ऑर्वेल यांच्या ‘१९८४’मधला विन्स्टन जूलियाबद्दल सुरुवातीला भयानक हिंसक विचार करतो. ते विचार त्याच्या सडलेल्या राजवटीने त्याच्यात पेरलेले आहेत, हे पुस्तक आपल्याला कळू देतं.

म्हणजे बघायचं काय, तर पुस्तकाला स्वतःला हे दिसतंय का. फिलिप के. डिक यांच्या ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप’मध्ये (१९६८) घरोघरी मनःस्थिती बदलायचं यंत्र आहे, फोनसारखा आकडा फिरवला की तशी भावना. सकाळी नवरा-बायकोचं भांडण होतं. बायको कंटाळून म्हणते, काय लावायचं ते तूच लाव. नवरा तिच्या यंत्रावर ५९४ फिरवतो. ५९४ म्हणजे सर्व बाबतींत नवऱ्याचं शहाणपण श्रेष्ठ आहे याची आनंदी कबुली. वाचताना हसू येतं आणि मग अंगावर काटा येतो. पुस्तकाने दोन्हीची व्यवस्था करून ठेवलेली आहे. डिक यांना दिसत होतं.

असिमोव्ह यांनाही दिसत होतं, निदान एकदा. ‘फाउंडेशन’च्या पुढच्या भागात म्यूल नावाचा खलनायक आहे. तो कुणाच्याही मनातल्या भावना बदलू शकतो. शत्रूला भक्त करू शकतो. पण बेटा नावाच्या बाईच्या मनाला तो हात लावत नाही, कारण तिला तो, काही न करता, आपणहून आवडलेला असतो. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी आवडलेला असतो. आणि त्याच जागी तो हरतो. मन बदलून मिळवलेलं प्रेम आणि आपणहून मिळालेलं, यांतला फरक एवढ्या नेमकेपणाने मांडणारं पान १९४५ साली छापून आलं. त्यामुळे ‘त्या काळी कळत नव्हतं’ हा बचाव आणखी पातळ होतो.

उलट हाइनलाइन यांच्या ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’मध्ये (१९६१, पुढच्या वर्षी विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार) जिल नावाची नर्स बोलून जाते की दहापैकी नऊ वेळा बलात्कारात त्या मुलीचाही काही दोष असतो. त्यावर पुस्तकात वाद होत नाही. वाक्य बाईच्या तोंडी घातलं की जणू विषय संपला. आणि याच माणसाने पाच वर्षांनी चंद्रावरची कादंबरी लिहिली, तिच्यात मुलीच्या अंगावर तिला न विचारता हात टाकणाऱ्या पाहुण्याला तिथली पोरं थेट जिवानिशी मारायला निघतात. एकाच लेखकाचा हात. म्हणून मी लेखकांच्या नावावर शिक्के मारायला तयार नाही, पानं तपासायला तयार आहे.

मग रद्दीत घालायची का?

नाही. वाचायची, फक्त वाचताना ‘हिला नाही म्हणता आलं असतं का’ एवढं विचारत राहायचं. माझ्याकडची तर मुळीच रद्दीत जाणार नाही, फुटपाथवर आता तीन रुपयांत काही मिळत नाही.

फोनमधली बाई

जुन्या पुस्तकांचं एवढं कशाला, असं म्हणणाऱ्यांसाठी. फोनमध्ये, गाडीत, घरातल्या स्पीकरमध्ये आपण ज्यांना हुकूम देतो ते आवाज पहिल्यांदा आले तेव्हा बहुतेक बायकांचे होते. २०१९ साली युनेस्कोने यावर एक अहवाल काढला. त्याचं शीर्षकच अ‍ॅपलच्या फोनमधल्या सिरी या आवाजाच्या एका उत्तरावरून घेतलं होतं. तिला घाणेरडी शिवी दिली की ती उत्तर द्यायची, लाजता आलं असतं तर लाजले असते. ते उत्तर नंतर बदललं गेलं. पण कुणीतरी इंजिनिअरने बसून, विचार करून ते लिहिलं होतं.

आता तर गप्पा मारणारे ‘सोबती’ मिळतात. हवा तो स्वभाव निवडायचा, हवं तेव्हा बोलायचं, नको तेव्हा बंद. ५९४ चा आकडा आता फिरवायलाही लागत नाही. यात यंत्राच्या भावना दुखावतात असं मला म्हणायचं नाही. मला काळजी आहे ती दिवसभर कधीच ‘नाही’ न ऐकलेल्या माणसाची, तो संध्याकाळी खऱ्या माणसांत येतो तेव्हा. आमच्या भाचीच्या वर्गात बहात्तर मुलगे आणि अकरा मुली आहेत. ती म्हणाली, “मामा, यातले अर्धे असलंच काहीतरी बनवून राहिले.”

राजा गरोदर होता की होती?

गच्चीवर शेवटी ठरलं की पुढच्या महिन्यात उर्सुला ले ग्विन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ वाचायची. १९६९ ची कादंबरी. तिथल्या ग्रहावरची माणसं एरवी ना पुरुष ना बाई. महिन्यातून काही दिवस शरीर एका बाजूला झुकतं, आणि कोणत्या बाजूला ते आधी ठरलेलं नसतं. कुणीही आई होऊ शकतं, कुणीही बाप. त्यात एक वाक्य आहे, राजा गरोदर आहे असं सांगणारं, आणि ते अगदी बातमी दिल्यासारखं येतं. पण सांगणारा माणूस पृथ्वीवरचा आहे, आणि तो समोरच्यात पटेना असं काही दिसलं की त्याला ‘बायकी’ म्हणतो. खुंट इथेही आहे, फक्त लेखिकेने तो उघडा करून ठेवलाय.

ले ग्विन यांनी सगळ्यांसाठी इंग्रजीत ‘ही’, म्हणजे ‘तो’, वापरलं. लोकांनी विचारलं की मग सगळे पुरुषच का वाटतात? त्यांनी आधी लेख लिहून समर्थन केलं. काही वर्षांनी त्याच लेखाला टिपा जोडून आपलं चुकलं असं कबूल केलं. जुना लेख तसाच ठेवून. मला त्या बाईंचा हा मोठेपणा फार आवडतो.

मी सगळ्यांना म्हटलं, पहिलं प्रकरण मी मराठीत करून आणतो, वाचायला सोपं जाईल. आणि दुसऱ्याच पानावर अडलो. इंग्रजीत निदान क्रियापद तरी तटस्थ आहे. आपल्याकडे माणूस नुसता दारातून आत आला तरी आला की आली ते सांगावं लागतं. ‘राजा गरोदर होता’ लिहिलं तर छपाईची चूक वाटते, ‘होती’ लिहिलं तर राजाची राणी होते.

बैठकीत काकू आहेत. शाळेत मराठी शिकवायच्या, माहेर वर्ध्याकडचं. मी अडचण सांगितली तेव्हा त्या भाचीच्या ताटलीत आणखी तर्री वाढत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, “त्यात काय एवढं? आलं म्हण. गेलं म्हण. लेकराला नाही का म्हणत आपण, उठलं, जेवलं, रुसलं. मोठं झाल्यावर त्याचं त्याला ठरवू दे ना बाप्पा.”